वखारीच्या दारावरचा फोटो

सोनुबाईला गल्लीत मान होता, तो तिच्या तोंडामुळं. ती कमी बोलायची आणि जे बोलायची ते खरं निघायचं. रेशनला यंदा काय येणार, दवाखान्यात बाईडॉक्टर कुठल्या दिवशी असते, पेन्शनच्या नावाखाली सह्या घ्यायला आलेला माणूस खरा की लबाड, असं काही निघालं की बायका आधी तिच्या दारात यायच्या. ती म्हणाली, "न्हाय गं, काय खरं न्हाय त्यात," की विषय संपला. कृष्णात, म्हणजे तिचा नवरा, निपाणीच्या स्टँडवर हमाली करायचा. तो चेष्टेनं म्हणायचा, "मला माझ्याच घरात कोण विचारत न्हाय, हिला मातूर सगळा गाव विचारतोय."

लग्न होऊन निपाणीत आल्यावर महिन्याभरात ती तंबाखूच्या वखारीत लागली आणि केस पांढरे झाले तरी तिथंच होती. वखार म्हणजे पत्र्याची लांबलचक खोली. खिडक्या होत्या, पण त्या कायम बंद. वारा आत शिरला की बारीक तंबाखू उडते, आणि उडालेली तंबाखू म्हणजे शेठचं नुकसान. तेव्हा धूळ आत आणि बायकाही आत. चाळण घेऊन बसायचं, पाला वेगळा काढायचा, काडी वेगळी, भुकटी खाली पडते ती वेगळी. नव्या पोरी पहिल्या आठवड्यात ओकून ओकून अर्ध्या होतात. मग म्हणे सवय होते. सोनुबाईला कधी झाली नाही. तिनं फक्त त्याबद्दल बोलणं सोडून दिलं.

तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पोट रिकामं झालं. तिसऱ्यांदा तर चाळणीसमोर बसल्या जागीच. सासू म्हणाली, अंगात उष्णता लई हाय. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. शेजारणी काही म्हणाल्या नाहीत, कारण त्यांच्यातल्या निम्म्या जणींचं असंच झालेलं होतं. पुढं दिवस राहिलेच नाहीत.

तिच्या घरात मूल वाढलं ते भावाचं. भाऊ भीमरत्न बेळगावला उद्यमबागेच्या औद्योगिक भागात फौंड्रीत कामाला होता आणि तिथं चौघांत मिळून एका खोलीत राहत होता. बायकापोरीला नेणार कुठं? त्यामुळं वहिनी आणि तिची लहानगी मुलगी मैत्री निपाणीत सोनुबाईकडं राहिल्या. संध्याकाळी वखारीतून आली की सोनुबाई आधी मोरीत जायची, लुगडं बदलायची, कोपरापर्यंत हात साबणानं घासायची, मगच पोरीला जवळ घ्यायची. लुगड्याच्या वासानं पोरगी खोकायची. हे रोजचं होतं, पोरगी दहावी होईपर्यंत.

मैत्री हुशार निघाली. भीमरत्ननं पुढं बेळगावात दोन खोल्या घेतल्या, ती तिकडं कॉलेजला गेली, मग सार्वजनिक आरोग्याचं मोठं शिक्षण घेतलं. एका संशोधन संस्थेत तिला नोकरी लागली तेव्हा निपाणीच्या विहारात तिचा सत्कार झाला. सोनुबाई पहिल्या रांगेत बसली होती. मैत्रीनं माईकवर सांगितलं, "मला शिकवलं ते माझ्या आत्तीच्या चाळणीनं." सोनुबाईनं मान खाली घातली, ती किती तरी वेळ वर केली नाही.

दोन वर्षांनी मैत्री जीपमधून आली. बरोबर तिचे साहेब होते, डॉक्टर नागेंद्र. धारवाडकडचे, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलायला मृदू. चहा घेऊन ते गल्ली बघायला म्हणून बाहेर पडले आणि मैत्री आत्तीच्या शेजारी जमिनीवर बसली.

"आत्ती, वखारीतल्या बायकांची बाळं का पडत्यात, ते आम्ही शोधणार हाय."

"ते आम्हाला ठाव हाय की."

"तुम्हाला ठाव हाय. पण तुम्ही सांगून कोण ऐकतंय? आत्ता हवा तपासायची, लघवी तपासायची, रक्त तपासायचं. कितीजणींना दिवस गेले, कितीजणींचे टिकले, सगळं विचारायचं. असल्या गोष्टी माझ्याजवळ कोण बोलणार न्हाय. तू बरोबर असलीस तर बोलतील."

सोनुबाई शेंगा निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "बोलल्या. पुढं?"

"पुढं शेठला सांगायला तोंड येतंय. पंखे लावा, खिडक्या उघडा, पोटुशी बाईला धुळीत बसवू नका, दुसरं काम द्या. अभ्यासात आलं म्हणजे त्याला झटकता येत न्हाय."

"हे बघ मैत्री. जे काय निघंल ते बाहेर सांगायच्या आधी आम्हाला सांगायचं. बायका पोटातलं बोलणार हायत."

"तुला न सांगता मी कुणाला सांगीन?" मैत्री म्हणाली.

सोनुबाईला एवढं पुरलं.

तो सबंध उन्हाळा ती मैत्रीला घेऊन दारोदार हिंडली. कामावरून आल्यावर चूल बाजूला ठेवून जायची. म्हणायची, "माझ्या भावाची पोरगी हाय. मी सांगते म्हणून सांगा. नाव कुठं जाणार न्हाय." बायका आधी लाजायच्या, मग एकेक गोष्ट बाहेर यायची. कुणाचं तिसऱ्या महिन्यात गेलेलं, कुणाचं सातव्यात. कुणाची पिशवी तिशीच्या आतच काढलेली. लघवीच्या बाटल्या पदराखाली झाकून आणून द्यायच्या आणि हसायच्या.

सगळ्यात अवघड दार जयाबाईचं होतं. जयाबाई शेजारच्या गल्लीतली, शेतकरी घरातली. माळाची थोडी जमीन, तिच्यावर भागत नव्हतं म्हणून वखारीत यायची. सोनुबाईच्या उजव्या हाताला तिची चाळण. वीस-बावीस वर्षं दोघी एकमेकींच्या डब्यातलं खात होत्या. तरी जयाबाईनं एक गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती. ती त्या दिवशी मैत्रीसमोर सांगितली.

थोरल्या युवराजच्या पाठीवर तिला मुलगी झाली होती. मेलेली जन्मली, असं सगळ्यांना सांगितलं होतं. पण ती मेलेली नव्हती. पाठीचा कणा उघडा होता. दोन दिवस जगली, रडली, आणि मग गेली. सासऱ्यानं घरातच ठरवलं की मेलेलीच झाली म्हणायचं. घराण्यात असलं पोर झालं हे कळलं तर पुढं सोयरीक व्हायची नाही.

"मी काय कमी केलं न्हाय गं," जयाबाई मैत्रीला म्हणाली. तिचा हात सोनुबाईच्या मांडीवर होता. "अंगणवाडीतल्या तांबड्या गोळ्या सगळ्या खाल्ल्या. एक चुकवली न्हाय. उलटी झाली तर परत खाल्ली. वखारीत तेवढी गेले, नवव्या महिन्यापर्यंत. ती मातूर चुकवता येत नव्हती."

मैत्रीच्या डोळ्यात पाणी आलं. सोनुबाईनं ते बघितलं आणि तिला बरं वाटलं. पोरगी शिकून कोरडी झाली नाही, असं तिच्या मनात आलं.

वखारीतली हवा मोजायला मालक विक्रमशेठनं परवानगी दिली, याचं सगळ्यांना नवल वाटलं. सोनुबाईच्या खांद्याला एक नळी आणि कमरेला डबीएवढं मशीन बांधलं. ते दिवसभर गुरगुरत होतं. संध्याकाळी त्यातली गोल पांढरी चकती काढली तेव्हा ती काळपट तपकिरी झाली होती. मैत्रीनं ती चिमट्यानं उचलून दाखवली. "बघ आत्ती, हे तू ओढलंस आज." बायका वाकून वाकून बघत राहिल्या. वखारीच्या बाहेर बसून त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्याजणी उघडपणे बोलल्या. जयाबाईची सून, युवराजची बायको पूर्णिमा, तेव्हा नुकतीच कामाला लागली होती. ती म्हणाली, "काकू, मग आमच्या वेळेला तरी पंखे लागतील न्हवं?"

"लागतील," सोनुबाई म्हणाली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मैत्रीला फोन केला की ती म्हणायची, "चाललंय आत्ती, तपासणी लई असते." मग एक दिवस तिचाच फोन आला. बेळगावात कॅम्प भागात एका हॉटेलच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम होता. बायकांना घेऊन यायचं, सोनुबाईचा सत्कार होता.

"काय निघालं ते सांग की आधी," सोनुबाई म्हणाली.

"तिथं सर सांगणारच आहेत."

"आधी आम्हाला सांगायचं ठरलंतं."

"तू ये तर आत्ती. सगळं तिथंच बोलू."

गाडी विक्रमशेठनं पाठवली. हे सोनुबाईला खटकलं. पण बायका नटूनथटून आल्या होत्या, पूर्णिमाला दिवस गेले होते, ती खिडकीजवळ बसली होती, आणि जयाबाईनं सगळ्यांसाठी चिरमुऱ्याचा डबा घेतला होता. सोनुबाई मनातलं मनात ठेवून पुढच्या सीटवर बसली.

हॉलमध्ये गार हवा होती. पुढच्या खुर्च्यांवर अधिकारी, डॉक्टर, आणि तंबाखू व्यापाऱ्यांच्या धर्मादाय ट्रस्टची माणसं. त्यांच्यात विक्रमशेठही होता. सुरुवातीलाच सोनुबाईला नाव घेऊन वर बोलावलं, शाल पांघरली, आणि स्टेजवरच्या कडेच्या खुर्चीवर बसवलं. त्यामुळं पुढचं सगळं तिनं स्टेजवरून ऐकलं, शाल अंगावर असताना, आणि खाली बसलेल्या बायकांची तोंडं तिच्यासमोर होती.

आधी ट्रस्टचे आभार झाले. या अभ्यासाचा सगळा खर्च ट्रस्टनं उचलला होता. सोनुबाईला हे तेव्हा कळलं.

डॉक्टर नागेंद्र कन्नडमध्ये बोलत होते, मध्येमध्ये इंग्रजी. मैत्री शेजारी उभी राहून मराठीत सांगत होती. सोनुबाईला कन्नड कळत होतं. चिक्कोडीकडच्या कन्नड बायकांबरोबर तिनं आयुष्य काढलं होतं. पण ती मैत्रीकडंच बघत होती. मैत्री तिच्याकडं बघत नव्हती.

"गर्भपाताची मुख्य कारणं," मैत्री शाळेतल्यासारखी स्वच्छ बोलत होती, "लहान वयात लग्न, रक्ताची कमतरता, मशेरीचं व्यसन, आणि गरोदरपणातल्या काळजीबद्दल अज्ञान. तंबाखूच्या धुळीचा आणि गर्भपाताचा थेट संबंध या अभ्यासात आढळला नाही."

खाली बायकांना पहिल्यांदा कळलंच नाही. सोनुबाईला मात्र कानात दडे बसल्यासारखं झालं.

मग नागेंद्रांनी एक उदाहरण सांगितलं. नाव घेतलं नाही, गल्ली सांगितली नाही. एका शेतकरी कुटुंबातल्या बाईला कणा उघडा असलेलं मूल झालं, ते दोन दिवस जगलं. गरोदरपणात गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तर ते टळलं असतं. मैत्री इथं अडखळली. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग तिनं ते वाक्य मराठीत सांगितलं, पूर्ण.

जयाबाई तिसऱ्या रांगेत सुनेच्या शेजारी बसली होती. तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. उठली. पूर्णिमा म्हणाली, "अत्याबाई, कुठं चाललासा?" जाताना जयाबाईनं एकदाच स्टेजकडं पाहिलं, आणि ते मैत्रीकडं नव्हतं, सोनुबाईकडं होतं.

जेवणं चालू झाल्यावर सोनुबाईनं मैत्रीला हॉलच्या मागच्या जिन्यात गाठलं. शाल तिनं घडी करून काखेत धरली होती.

"धूळ कुठं गेली?" तिनं विचारलं.

"आत्ती, इथं नको."

"इथंच. मशीन मी कमरेला बांधलंतं. ती चकती तू दाखवलीस. धूळ कुठं गेली?"

मैत्रीनं भिंतीला पाठ टेकली. "तो भाग काढला. ट्रस्टचं म्हणणं होतं, धुळीचा अभ्यास वेगळा नंतर करू. सरांनी मान्य केलं. हवेचे आकडे ह्यात घेतलेच न्हाईत."

"घेतले न्हाईत, मग आढळला न्हाय असं कसं म्हणालीस?"

"तसं म्हणायची पद्धत असते."

"मी आज वीस बायका घेऊन आलेय. त्यांनी ऐकलं की धुळीनं काय होत न्हाय. तुझ्या तोंडानं ऐकलं."

"मी न्हाय म्हटलं असतं तर दुसऱ्यानं वाचलं असतं आत्ती. माझं नाव गेलं असतं, पुढचं शिक्षण सरांच्या हातात हाय. म्हटलं, आत राहिले तर पुढच्या खेपेला तरी नीट करता येईल."

"आणि जयाबाईचं?"

मैत्रीनं वर हॉलच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, "ते मी लिहून दिलंतं तसं नव्हतं. गोळ्या खाल्ल्या असंच लिहिलंतं. ते उदाहरण सरांनी घातलं, मला सकाळी कळलं."

"सकाळी कळलं. म्हणजे दुपारपातूर वेळ होता."

वरून कुणीतरी मैत्रीला हाक मारली. ती डोळे पुसून गेली. सोनुबाई जिन्यातच उभी राहिली. लहानपणी ही पोरगी खोटं बोलली की कानाची पाळी चोळायची, आणि आज इथं बोलताना तिनं कानाला हातसुद्धा लावला नव्हता; म्हणजे तिला ते खरंच वाटत होतं. हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला एकदम थकल्यासारखं झालं.

गाडी निपाणीला परत निघाली. जयाबाई शेवटच्या सीटवर खिडकीला डोकं लावून बसली होती. हत्तरगीचा टोलनाका गेल्यावर सोनुबाई उठून तिच्याजवळ गेली.

"जया, मला ठाव नव्हतं गं."

"तुझ्या मांडीवर हात ठेवून सांगितलंतं मी," जयाबाई म्हणाली. "आता माझ्या सुनेला कळलं. युवराजला आज कळंल. तू जा, तुझ्या जागेवर बस."

दुसऱ्या दिवसापासून सोनुबाई घरोघर गेली. उन्हाळ्यात गेली होती त्याच दारात. उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितलं, "मला फसवलंय. आणि माझ्या तोंडानं तुम्हाला फसवलंय. धूळ तपासलीच न्हाय, तपासून बाजूला ठेवली. तिथं सांगितलं ते खरं मानू नका." काहीजणींनी आत बोलावलं, पाणी दिलं. एकीनं विचारलं, "मग शाल कशापायी घेतलीस?" ती शाल तिनं कृष्णातला देऊन टाकली होती आणि त्यानं ती ट्रंकेत तळाशी घातली होती.

तरीही यातून ती सावरली असती. पण महिन्याभरानं वखारीच्या दारावर एक मोठं पोस्टर लागलं.

त्यावर सोनुबाई हसत होती. तिच्याच अंगणातला फोटो, मागं तिनं लावलेला अबोलीचा वाफा, अंगावर निळं लुगडं. मैत्रीनं उन्हाळ्यात काढला होता. म्हणाली होती, माझ्याजवळ ठेवायला. फोटोखाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'मी मशेरी सोडली. माझ्या मैत्रिणींनो, तुम्हीही सोडा. निरोगी आई, निरोगी बाळ.' खाली ट्रस्टचं नाव.

सोनुबाईनं जन्मात कधी मशेरी लावली नव्हती. आणि बाळ तर...

सकाळच्या पाळीच्या सगळ्या बायका दाराशी जमल्या होत्या. कुणी हसली नाही. कन्नड बोलणाऱ्या एका म्हातारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली. सोनुबाईनं चप्पल काढून ठेवली, दगडावर चढली आणि पोस्टर फाडून काढलं. मुकादम भरमा बघत होता. तो जुना माणूस, त्यानं अडवलं नाही. एवढंच म्हणाला, "आक्का, शेठनं चार पाठवल्यात. हे काढलं तर दुसरं लावायचं मला सांगितलंय." आठ दिवसांनी फ्लेक्सवर छापून आणलेलं नवीन आलं, ते पत्र्याखाली खिळ्यांनी ठोकलं, हात पोचणार नाही इतक्या उंच.

तिनं मैत्रीला फोन केला.

"माझा फोटो कुणाला विचारून दिला?"

"संस्थेनं मागितला आत्ती. संमती लागते म्हणाले. मीच हो म्हटलं, माझीच आत्ती आहे म्हणून. त्यावर काय लिहिणार ते मला ठाव नव्हतं."

"तुझीच म्हणून," सोनुबाई म्हणाली, आणि फोन ठेवला.

पूर्णिमाला चौथा महिना लागला होता. तिला वखारीत मळमळायचं, चक्कर यायची. सोनुबाईनं भरमाला सांगून तिला दाराजवळ बसवलं, जिथं थोडं तरी वारं लागायचं. पण शेठचं फर्मान आलं, दाराजवळ माल उडतो, सगळ्यांनी आत बसायचं. सोनुबाई युवराजला भेटायला त्यांच्या घरी गेली. जयाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

"युवराज, तिला चार महिने घरी ठेव रं. माझं ऐक."

युवराज मोटारसायकल पुसत होता. सकाळी गावाबाहेरच्या कारखान्यात जायचा, रात्री यायचा. वाईट पोरगा नव्हता. "काकू, एकीकडं तुमच्या मैत्रीनं सांगितलं धुळीनं काय होत न्हाय. दाराला तुमचाच फोटो हाय. आता तुम्ही म्हणताय घरी ठेव. मी कुठलं खरं धरू? तिला गोळ्या चालू हायत, मी स्वतः आणून देतो."

सोनुबाई म्हणाली, "फोटो खोटा हाय."

"मग अभ्यासबी खोटा?"

"व्हय."

"मग उन्हाळ्यात कशाला घेऊन आलातासा त्यांना?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. सोनुबाई उठली.

पूर्णिमाचं पाचव्या महिन्यात गेलं. सकाळी चाळणीसमोर बसली आणि पोट धरून आडवी झाली. सोनुबाईनंच तिला उचललं, रिक्षात घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं. जयाबाई धावत आली तेव्हा सोनुबाई बाहेरच्या बाकावर होती; लुगड्याला रक्त लागलेलं. जयाबाई तिच्यासमोर उभी राहिली. सोनुबाईला वाटलं ही आता मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. जयाबाईनं मारलं नाही, शिवीही दिली नाही. ती दाराला टेकून आत बघत राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "तू जा घरी. अंग धू." इतक्या महिन्यांत तिनं सोनुबाईशी बोललेले ते पहिले शब्द.

धुळीनंच गेलं का? डॉक्टरांनी केसपेपरवर रक्त कमी एवढंच लिहिलं. सोनुबाईला खात्रीनं सांगता आलं नसतं. कुणालाच आलं नसतं, आणि ज्यातून कळलं असतं ते बाजूला काढून ठेवलं होतं.

बातमी बेळगावात भीमरत्नपर्यंत गेली. त्यानं बहिणीला फोन केला, आणि एवढा मोठा माणूस फोनवर रडला. रविवारी मैत्री आली, एकटीच, बसनं. वाळली होती. सोनुबाईनं तिला पाणी दिलं, चहा केला, ताटात भाकरी आणि पिठलं वाढलं. पोरगी खाली मान घालून जेवली.

जेवण झाल्यावर म्हणाली, "मी ती संस्था सोडली, आत्ती. पूर्णिमाचं कळल्यावर सोडली. आता बेंगळुरूची एक बाई हाय, व्यापाऱ्यांच्या पैशाला हात लावत न्हाय. फक्त धुळीचाच अभ्यास करायचा म्हणतीया. मी तिला सगळं सांगितलंय, जे झालं ते. तिला माणसं पायजेत. तू एकदा..."

"खरी असंल ती बाई," सोनुबाई म्हणाली.

"खरी हाय. ह्या वेळेला सगळं आधी तुला दाखवीन."

"मैत्री, तू मागं असंच म्हणालीतीस. तेव्हाबी तू खरं बोलत होतीस, मला वाटतं. जिन्यात काय बोललीस तेबी तुला खरंच वाटत असंल." ती ताट उचलून मोरीकडं गेली, ताट ठेवून परत आली. "आता मी कुणाच्या दारात जाऊ? बायका मला घरात घेतात, पाणी देतात. पर पोटातलं कोण बोलत न्हाय. मी आले की विषय बदलतात. तू गेलीस बेळगावला. मला हितंच राहायचं हाय."

"मग मी जाऊ का जयाकाकूकडं? पाया पडते."

"नको. तिला आणखी काय देऊ नकोस. माफी मागितलीस तर तिला काय तरी बोलावं लागंल, आणि तिला बोलायचं न्हाय."

मैत्रीनं आपली पिशवी उचलली. मग विचारलं, "मी येत जाऊ का, आत्ती?"

"घर तुझं हाय. येत जा. जेवून जात जा." सोनुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "वखारीचं मातूर माझ्याजवळ काढायचं न्हाय."

कृष्णात मैत्रीला स्टँडवर सोडायला गेला. सोनुबाई दारापर्यंत गेली आणि तिथनंच फिरली.

बेंगळुरूची बाई नंतर खरोखर आली. दोन दिवस राहिली, गल्लीत फिरली, पण तिच्याजवळ कुणी फारसं बोललं नाही. ती चांगली होती, असं पुढं भरमानं सांगितलं. शेठनं तिला वखारीत पाऊल टाकू दिलं नाही.

पूर्णिमा महिन्याभरानं कामाला परत आली. जयाबाईनं आपली चाळण वखारीच्या दुसऱ्या टोकाला नेली होती, त्यामुळं सोनुबाईच्या उजव्या हाताची जागा मोकळी होती. पूर्णिमा आली, क्षणभर उभी राहिली, आणि त्या मोकळ्या जागी बसली. दुसऱ्या टोकाहून जयाबाईनं ते पाहिलं आणि आपली चाळण पुन्हा हातात घेतली. सोनुबाईनं आपल्या पिशवीतला एक धुतलेला सुती रुमाल काढला आणि पूर्णिमाच्या पुढ्यात ठेवला, नाकातोंडाला बांधायला. पूर्णिमानं तो घेतला, बांधला, आणि दोघी चाळू लागल्या.